दिलेला पट्टा

सातवीच्या मराठीच्या तासाला मेश्रामबाई पुस्तकाआधी पिशवीतून एखादा कागद काढायच्या. कधी दुर्ग स्टेशनवरून मिळालेलं गाड्यांचं वेळापत्रक, कधी खोकल्याच्या औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी, कधी जुन्या वर्तमानपत्रात आलेली एखादी बातमी. "गोष्ट वाचताना रमलं तरी चालतं," त्या म्हणायच्या, "माहिती वाचताना जागं राहायचं." मग औषधाचा कागद फिरे. 'सर्व डॉक्टर याचीच शिफारस करतात.' सर्व म्हणजे किती? मोजले कोणी? हे सांगणारा कोण, औषध विकणारा की घेणारा? आम्ही हसायचो. मला वाटायचं, हा बाईंचा खेळ आहे.

साल १९५८. दुर्गजवळच्या मरोद्याच्या कामगार वस्तीत पत्र्याच्या दोन शेडमध्ये आमची मिडल शाळा भरे. शिकवणं हिंदीतून, पण पोलाद कारखाना उभा करायला भंडारा, गोंदिया, नागपूरकडून इतकी माणसं आली होती की त्यांच्या पोरांसाठी मराठीचा तास वेगळा ठेवावा लागला. सत्यशीला मेश्राम हा तास घ्यायच्या. वय पंचवीस-सव्वीस, नागपूरला नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलेलं. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेतल्या पोरालाही तो चुकवता येत नसे.

मी रत्नमाला वानखडे. माझे बाबा श्यामराव एका ठेकेदार कंपनीच्या ऑफिसात कारकून होते. कंपनी चिमणी बांधत होती. मजूर बहुतेक विदर्भातले, म्हणून कंपनीच्या सूचना हिंदीत आणि मराठीत निघत आणि मराठीची प्रत बाबा स्वतःच्या हातानं लिहीत. त्यांचं अक्षर उभं, सुटसुटीत, रेघेला धरून. मला त्यांनीच तसं वळण लावलं होतं. नळावर पाणी भरायला गेले की मी खांबावरच्या सूचनेपुढे मुद्दाम थांबायचे. बायका मला वाचून दाखवायला सांगायच्या, आणि मी शेवटी न चुकता सांगायचे, "हे माझ्या बाबांनी लिहिलंय."

वर्गात माझ्या शेजारी विजया रामटेके बसायची. तिचे वडील बळीराम त्याच कंपनीत खलाशी होते. उंचावर दोर बांधणं, जड वस्तू वर चढवणं हे त्यांचं काम. फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, मंगळवारी दुपारी, चिमणीच्या परांचीची एक फळी सरकली आणि ते खाली आले. वाळूच्या ढिगावर पडले म्हणून वाचले. मांडी मोडली, उजवा हात मोडला, आणि डोक्याला मार लागल्यामुळे ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आले नाहीत. विजया दोन दिवस शाळेत आली नाही.

गुरुवारी सकाळी नळाच्या खांबावर नवी सूचना होती. मी हंडा खाली ठेवला आणि बायकांना मोठ्यानं वाचून दाखवू लागले.

'सर्व कामगारांस कळविण्यात येते की, दि. ११ रोजी दुपारी साडेतीन वाजता बळीराम रामटेके नामक खलाशी मद्यप्राशन करून कामावर आला असता, दिलेला सुरक्षा पट्टा न वापरल्याने, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे परांचीवरून खाली पडला. चौकशीत सदर बाब निष्पन्न झाली आहे. इतरांनी बोध घ्यावा. व्यवस्थापकांच्या आज्ञेवरून.'

एकीनं विचारलं, "मद्य म्हंजे का वं?" मी सांगितलं, दारू. ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "बळीराम? अन् दारू?" त्या दिवशी मी शेवटचं वाक्य बोलले नाही. हंडा अर्धाच भरला आणि घरी गेले.

शुक्रवारी विजया आली. प्रार्थनेच्या रांगेतच एका पोरानं तिला डिवचलं, "तेरा बाप दारू पीके गिरा ना?" तिनं हातातली पाटी त्याच्या खांद्यावर अशी हाणली की पाटीची चौकट सुटली. मराठीच्या तासाला बाईंनी तिला उभं केलं.

"का मारलंस?"

विजयानं परकराच्या ओच्यातून कागद काढला आणि टेबलावर आपटला. नळाच्या खांबावरची सूचना होती, चारही कोपऱ्यांना फाटलेली. "माह्ये बाबा दारू पेत नाई, बाई. नागपूरले दीक्षा घेतली त्या दिवसापासून एक थेंब नाई. आमच्या घरी पाहुणा आला अन् त्याच्या तोंडाले वास आला तं बाबा त्याले वट्ट्यावर बी बसू देत नाई. अन् ह्याइनं लिवलं! साऱ्या वस्तीत लिवलं!"

ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

बाईंनी कागद उचलला आणि उभ्या उभ्या वाचला. त्यांच्या मानेची शीर फुगलेली मला दिसली. त्यांनीही विजयाच्या वडिलांसारखीच दीक्षा घेतली होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मग त्यांनी सूचना फळ्यावर शब्दन् शब्द उतरवली, तळाशी होती ती तारीखसुद्धा.

"विजया, बस. राग राहू दे, तो टाकू नकोस. पण आधी वाचू. औषधाचा कागद वाचला तसाच."

बाईंनी विचारलं, बळीराम पडले ही गोष्ट सोडून या कागदात आपल्याला तपासता येईल असं काय आहे? एक मुलगा म्हणाला, वेळ. दुसरी म्हणाली, चौकशी. "चौकशी कोणी केली?" बाईंनी विचारलं. सगळ्यांनी फळ्यावर शोधलं. नाव नव्हतं. "कोणाला विचारलं?" तेही नव्हतं. "निष्पन्न झाली, म्हणे. आपोआप झाली? भाकरी भाजली गेली म्हणतो आपण, तेव्हाही चुलीपाशी कोणीतरी बसलेलं असतंच ना?"

मग मागून अरुणकुमार उठला. हा पोरगा एरवी तासाला चित्रं काढत बसे. "बाई, पडले साडेतीनला. अन् खाली तारीख अकराच हाय. ऑफिस पाच वाजता बंद होते. डेढ घंट्यात चौकशी झाली?"

"बाबा तं बारा तारखेच्या संध्याकाळपर्यंत बेहोश होते," विजया बसल्या जागेवरून ओरडली. "कोनाले इचारलं मंग?"

बाईंनी तारखेखाली रेघ मारली. खडू तुटला. त्यांनी उरलेल्या तुकड्यानं दुसरी रेघ 'दिलेला' या शब्दाखाली मारली. "हा शब्द बघा. 'पट्टा न वापरल्याने' एवढं लिहून भागलं असतं. 'दिलेला' का लिहिलं? आणि पट्टा खरंच दिला होता की नाही, हे कसं कळेल? याच कंपनीचा दुसरा एखादा कागद कोणाकडे आहे का?"

कंपनीचे कागद वस्तीत पुष्कळ होते. जानेवारीत सुरक्षा सप्ताहाची पत्रकं गठ्ठ्यानं वाटली होती. कागद जाड आणि गुळगुळीत, म्हणून आम्ही त्यांची वह्यांना कव्हरं घातली होती. दोन-तीन जणांनी एकदमच आपापल्या वह्या उलटून पाहिल्या. अरुणकुमारनं भूगोलाच्या वहीचं कव्हर सोडवलं आणि आतली बाजू वाचली. 'उंचीवर काम करणाऱ्या प्रत्येक कामगारास दि. १ मार्चपासून सुरक्षा पट्टा देण्यात येईल.'

"आज तारीख कोणती?" बाईंनी विचारलं.

"चौदा फेब्रुवारी!" सगळा वर्ग ओरडला. पोरं उठून उभी राहिली, कोणी बाकावर मुठी आपटू लागलं. विजयानं ते कव्हर मागून घेतलं आणि ती ओळ पुन्हा पुन्हा वाचू लागली.

मी बाकावरच बसून होते. टेबलावरच्या कागदात 'दिलेला'मधला तो 'ल' मला ओळखीचा होता. माझ्या वहीत पानोपानी तसाच 'ल' होता.

संध्याकाळी बाबा आले. आईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, बळीराम रामटेके दारू पिऊन होते, हे तुमाले कोनं सांगतलं?"

"कावून?"

"तुमी पायलं होतं?"

"मी कायले पाहू? साहेबानं सांगतलं, मी लिवलं."

"अन् पट्टा? पट्टे तं मार्चपासून देनार हायत. त्या पत्रकाचा मजकूर बी तुमीच लिवला होता."

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा आधी कोरा होता. मग त्यांना आठवलं, आणि मला दिसलं की त्यांना आठवलं. त्याच क्षणी त्यांनी आवाज चढवला. "हे शिकवून रायली काय ते मास्तरीन तुमाले? बापाची झडती घ्यायले? उद्या भेटतो मी हेडमास्तरले!"

आई म्हणाली, "रत्ना, तू कायले पडतं त्या लोकायच्या भानगडीत?"

"आई, खोटं आपल्या घरातून लिवलं गेलं," मी म्हटलं. बाबांनी मला मारलं. त्याआधी त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, नंतरही नाही. पण त्या थपडेची मला तेव्हा लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. लाज वाटली ती त्या सुंदर अक्षराची.

शनिवारी बाबा खरंच शाळेत गेले. ते निघून गेल्यावर हेडमास्तर मारोतराव आमच्या वर्गात आले आणि साऱ्या वर्गासमोरच बाईंना बोलू लागले. पत्र्याच्या शेडमध्ये ऑफिस असं नव्हतंच. दाराशी उभं राहून बोललेलं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येई.

"मेश्रामबाई, कंपनीची सूचना फाडणं गुन्हा आहे. त्या कंपनीनं आपल्याला ही शेड बांधून दिली, हे तरी ध्यानात ठेवा."

"सूचना फाडल्याबद्दल मी विजयाला बोलले आहे, सर. डिंक लावून परत नेऊन द्यायलाही तयार आहे."

"अन् हे वाचन? हे कोणत्या अभ्यासक्रमात आहे?"

बाईंनी टेबलावरचा अभ्यासक्रमाचा कागद त्यांच्यापुढे धरला. "माहितीपर उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे देणे. वीस गुण."

मारोतरावांनी कागदाकडे पाहिलंही नाही. ते आवाज खाली आणून म्हणाले, पण ऐकू आलंच, "बाई, मी समजतो. माणूस तुमच्या लोकांतला आहे, म्हणून तुम्हाला लागलं."

शाळेत असं कोणी कधी उघड बोलत नसे. बाईंनी अभ्यासक्रमाचा कागद खाली ठेवला.

"आहे, सर. माझ्याच लोकांतला आहे. मला लागलंच आहे. पण ही अकरा तारीख कोणाच्या लोकांतली आहे? हा एक मार्च कोणत्या जातीचा? मी पोरांना बळीरामचं गाव विचारलं नाही, धर्म विचारला नाही. तारखा विचारल्या. तुम्ही मला जात सांगता. तारखांचं उत्तर सांगा, मी आत्ता, या पोरांसमोर, माफी मागते."

मारोतराव म्हणाले, सोमवारपर्यंत वर्गाच्या वतीनं कंपनीला माफीचं पत्र गेलं पाहिजे. आणि गेले.

"पत्र जाईल," बाई आमच्याकडे वळून म्हणाल्या. टेबल त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. "माफी मागायला आपण काही चुकीचं वाचलेलं नाही. वाचताना जे प्रश्न पडले तेच पत्रात लिहायचे. चौकशी कोणी केली, शुद्धीवर नसलेल्या माणसाला काय विचारलं, दारूचं कोणत्या डॉक्टरनं सांगितलं, आणि मार्चमधला पट्टा फेब्रुवारीत कसा दिला. शिवी नाही, विनवणी नाही. ज्याला सही करायची त्यानं करावी, ज्याला नको त्यानं करू नये. मी कोणाला विचारणार नाही." मग त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू म्हणाल्या, "रत्नमाला, तू नको करू. तुझ्या घरी अडचण होईल."

म्हणजे त्यांना माहीत होतं. अक्षर त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं असणार. माझ्या वह्या तपासणाऱ्या त्याच. आणि तरी वर्गात त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया नको होती. शेजारी विजया माझ्याकडे बघत होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं, आणि तिचं ते बघणं मला सहन झालं नाही.

"बाई, पत्र मी लिहिते," मी म्हटलं. "वर्गात माझं अक्षर सगळ्यांत चांगलं आहे."

मी लिहिलं. उभं, सुटसुटीत, रेघेला धरून. एक पत्र कंपनीला, त्याची नक्कल दुर्गच्या कामगार अधिकाऱ्याला. अठ्ठावीस जणांच्या वर्गात तेवीस सह्या झाल्या. नंतर बाहेर पिंपळाखाली मी विजयाला सांगितलं की ती सूचना माझ्या बाबांच्या हातची होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता ही माझ्यावरही पाटी उगारेल. पण ती एवढंच म्हणाली, "तं तुले माईत होतं? शुक्रवारपासून?" आणि निघून गेली. पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत मेश्रामबाई आणि विजयाची आई भीमाबाई पत्र घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेल्या. तिथं काय झालं ते भीमाबाईंनी वस्तीत सगळ्यांना सांगितलं. पत्र घ्यायला टेबलाशी माझे बाबा होते. त्यांनी घडी उलगडली आणि पहिल्या ओळीवरच थांबले. साहेब आतून ओरडला, "क्या है वानखडे? फेंको उसको." बाबांनी पूर्ण पत्र वाचलं, खालच्या तेवीस सह्या वाचल्या. मग आवक-जावकचं रजिस्टर ओढलं, नोंद केली, पत्रावर शिक्का मारला, नंबर घातला आणि त्याची पोच भीमाबाईंच्या हातात दिली. आता तो कागद केराच्या टोपलीत जाऊ शकत नव्हता.

त्या संध्याकाळी आईनं त्यांना विचारलं, साहेब फेकून दे म्हणत होता, तुमी शिक्का कावून मारला? बाबा म्हणाले, "आलेला कागद नोंदवा लागते." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. हे त्यांचं मोठेपण होतं असं आई पुढे आयुष्यभर सांगत आली. मला ते कधी पटलं नाही. एक शिक्का मारला, बरं झालं. पण ज्या माणसाला चार ओळींत दारुडा ठरवलं त्याच्या खाटेपाशी ते एकदाही गेले नाहीत.

दुर्गहून अधिकारी आला, दोन तास ऑफिसात बसला आणि गेला. त्यानंतर चार दिवसांनी नळाच्या खांबावर कागद लागला. 'दि. ११ ची बळीराम रामटेके यांचेसंबंधीची सूचना रद्द समजावी.' बस, एवढंच. वस्तीत पोरांनी नाच केला. अरुणकुमारनं तर ती ओळ हिंदीत करून सगळ्या गल्लीत ओरडून सांगितली.

रविवारी बाई आम्हा काही जणांना घेऊन दवाखान्यात गेल्या. बळीरामांचा पाय वजन बांधून वर टांगला होता. मोठा, काळासावळा, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला माणूस. विजयानं त्यांना नवी सूचना वाचून दाखवली, आम्ही सगळे त्यांच्या हसण्याची वाट पाहत उभे राहिलो.

"अजून वाच," ते म्हणाले.

"संपली, बाबा."

"संपली? कावून रद्द केली ते नाई लिवलं?"

"नाई."

"मी पेलो नव्हतो, ते नाई लिवलं?"

"नाई, बाबा."

त्यांनी डाव्या हातानं खाटेचा लोखंडी दांडा धरला आणि उठायचा प्रयत्न केला. पायाची वजनं हलली, नर्स धावत आली. "मले बेवडा म्हनाले तवा चार ओळी लिवल्या! वेळ लिवली, नाव लिवलं, बोध घ्या म्हने! अन् आता एक ओळ? 'रद्द समजा'? लोक का समजन? समजन का साहेबाले दया आली! मी दया मांगतली काय, बाई? सांगा, कोनी मांगतली?"

"कोणी नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं.

"मंग हा कागद परत द्या त्याइले."

आम्ही दुसरं पत्र लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही. एप्रिलमध्ये परीक्षा झाल्या आणि निकालाच्या दिवशी बाईंना कळवण्यात आलं की पुढच्या वर्षी शाळेला त्यांची गरज नाही. सही मारोतरावांची होती. मराठीचा तासच बंद झाला. बाई गोंदियाला गेल्या. स्टेशनवर जायला आम्ही नऊ जण होतो. माझे बाबा मला जाऊ नको म्हणाले नाहीत, एवढंच.

बळीराम जूनमध्ये कुबडीवर चालायला लागले. आता उंचावरचं काम त्यांना जमणार नव्हतं. पुढे त्यांना अवजारांच्या गोदामावर पहारेकरी म्हणून घेतलं. पण त्याआधीपासून, आणि त्यानंतरही, ते दर सोमवारी कंपनीच्या ऑफिसात जात. टेबलापाशी उभे राहत आणि म्हणत, "मी पेलेलो नव्हतो, हे लिवून द्या. अन् पट्टा देला नव्हता, हे लिवून द्या." साहेब बाहेर येत नसे. टेबलाशी माझे बाबाच असत.

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांचा डबा घेऊन गेले होते, तेव्हा मी हे स्वतः पाहिलं. बळीराम आले, कुबडी टेकून उभे राहिले, आपली दोन वाक्यं बोलले. बाबा मान खाली घालून कागद चाळत राहिले. मग ते उठले, कोपऱ्यातला स्टूल आणून बळीरामांसमोर ठेवला आणि म्हणाले, "बसा, बळीरामजी. पाय दुखत असन."

बळीरामांनी स्टुलाकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"बसायले नाई आलो, बाबू," ते म्हणाले. "तुमच्या हातानं लिवलं होतं. तुमच्याच हातानं लिवून द्या."

बाबांचा हात टेबलावरच्या टाकाकडे गेला. आत साहेब खोकला. हात तिथंच थांबला, आणि मी डबा टेबलावर ठेवून, कोणाशी न बोलता, बाहेर आले.